आतला फोटू

आमच्या कॉलनीत निंबा नाना समोर आले की "काय, कसं काय" वगैरे होत नाही. नाना आधी तुमच्या शर्टाच्या डाव्या खिशाकडे बघतात. खिशात पेन आहे की चष्मा की विडीचं बंडल, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते खिशाच्या मागे बघत असतात. मग विचारतात, "फोटू काय म्हनस?"

नव्या माणसाला वाटतं, हे खिशातला फोटो मागतायत. समोरच्या घरच्या जावयाने एकदा खरोखरच पाकिटातून बायकोचा फोटो काढून नानांच्या हातात दिला होता. नानांनी तो नीट पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "हा वरचा झाला. आतला काढलाय का?" जावईबापू पुढच्या दोन दिवाळ्या आलेच नाहीत.

आतला फोटू म्हणजे काळजाचा. इको, सीटी, एमआरआय, अँजिओग्राफी, डॉक्टरांनी कितीही नावं ठेवली तरी नानांच्या लेखी सगळे फोटूच. आणि माझा धंदा वरच्या फोटूंचा. रिंग रोडच्या अलीकडे माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम, आणि हल्ली जास्त करून आधार कार्डाच्या झेरॉक्स. नाना रोज अकराला येऊन माझ्या स्टुलावर बसतात आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगतात, "इथं फक्त रंगरंगोटी दिसते. प्लांट कसा चालतो ते दिसत नाही." गिऱ्हाईक घाबरून चौकटीत नीट बसतं आणि फोटोत त्याचे डोळे मोठे येतात. त्या अर्थाने नानांचा मला उपयोगच आहे.

नाना मूळचे एरंडोलच्या बाजूचे. नोकरी सगळी दीपनगरच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या देखभालीत झाली. बॉयलरमध्ये हजारो नळ्या असतात आणि त्या आतून झिजतात. नानांचं काम त्या नळ्यांची जाडी मोजायचं. नळीवर ग्रीस लावायचं, त्यावर एक लहानसं यंत्र टेकवायचं, यंत्र आवाज आत सोडतं, आवाज परत येतो आणि नळी किती झिजली ते काट्यावर कळतं. रिटायर होऊन जळगावात घर बांधल्यावर नानांना कळलं की दवाखान्यातली इको म्हणजे हेच. "आपलंच यंत्र शे भो. आम्ही ग्रीस लावायचो, हे जेली लावतात. बाकी काही फरक नाही." जणू वैद्यकशास्त्राने दीपनगरच्या स्टोअरमधून ते यंत्र सही न करता नेलं होतं.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक माणसाकडे नाना चालतं-बोलतं बॉयलर म्हणून बघतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, नळ्या राहतात. लग्नात ओळख करून देताना म्हणतील, "हे आपले रिटायर हेडमास्तर. उजवी नळी जरा बारीक, पण माणूस चांगला." माझ्या मेहुण्याच्या मुलीसाठी स्थळ आलं, तर मुलाच्या बापाला नानांनी पहिला प्रश्न विचारला, "कॅल्शियम स्कोर किती?" तो भला माणूस छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्याकडे दोन म्हशी आहेत. तो लहानपणापासून दूधच पितो." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या घराण्याचं कसं होणार ही चिंता मला अजून आहे.

या कॅल्शियमने आमच्या कॉलनीत बराच गोंधळ घातला. हाडात असतो तो कॅल्शियम चांगला आणि काळजाच्या नळीत बसतो तो वाईट, हे नाना जीव तोडून सांगत. पण ज्या समाजाने आयुष्यभर मुलांचे मार्क मोजले, त्याला कमी स्कोर चांगला हे पटणार कसं? आमचे हेडमास्तर सीटी काढून आले आणि कॉलनीभर पेढे वाटायला निघाले. "चारशे बारा आला," म्हणाले, "शेजारच्या कुलकर्ण्यांना फक्त नऊ." नानांनी आधी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि मग त्यांना खरं काय ते सांगितलं. हेडमास्तरांच्या हातातला खोका तिथेच बाकावर राहिला. आठवड्याभरात त्यांना नाशिकला नेऊन दोन स्टेंट घातले. आज ते भेटेल त्याला सांगतात की निंबा नानांमुळे वाचलो. पेढ्यांचा विषय निघाला की मात्र त्यांना घरी काहीतरी काम आठवतं.

खेड्यात गेले की नानांची पद्धत वेगळी. पहूरला त्यांच्या साडूकडे गेलो होतो आम्ही. केळीच्या बागेत दहा-बारा माणसं जमलेली, आणि नानांनी तिथंच ठिबकची नळी उचलून व्याख्यान सुरू केलं. ठिबकच्या नळीत जसा पाण्याचा क्षार बसतो, भोकं बुजतात आणि टोकाचं झाड वाळतं, तसंच काळजाचं. सगळ्यांना एका झटक्यात समजलं. मला वाटलं, एवढं सोपं कुठल्या डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. तेवढ्यात नानांचा साडू म्हणाला, "मग त्यात अवघड काय शे? आमी नळीत ॲसिड सोडतस, क्षार निंघी जास. डॉक्टर लोक का बरं सोडत नही?" बागेतल्या सगळ्या माना हलल्या. एकाने तर ॲसिड किती पाण्यात किती टाकायचं तेही सांगितलं. नानांचा पुढचा तासभर फक्त ॲसिड नको हे समजावण्यात गेला, आणि निघताना साडू मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर लोकांचा धंदा बसेल म्हणून सांगत नाहीत."

नाना हे सगळं कुठून शिकतात? मोबाइलवर. त्यांची मुलगी पुण्याला असते, तिने त्यांना शोधायचं कसं ते शिकवलं आणि आता ती पस्तावते. जगात काळजाचा फोटू काढायची नवी रीत निघाली की नाना ती वहीत टिपतात. वहीसुद्धा वीज केंद्रातल्या लॉगबुकसारखी, पाळीप्रमाणे. "सकाळ पाळी: नवीन सीटी आले. किरणांचा कण न कण वेगळा मोजते. दुपार पाळी: संगणक फोटूवरून नळीतला दाब काढतो, आत तार घालावी लागत नाही. रात्र पाळी: काही विशेष नाही. झोप." कण न कण म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आधी कापूस गाडीने मोजायचे. आता बोंड न बोंड मोजतात." मला ते पटलं. मग म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा फोटू काढून काळजाचं सांगतात आता." हे मला पटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी पासपोर्ट फोटो काढताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे जास्त वेळ बघायला लागलो आणि एका बाईंनी तक्रार केली.

एवढं सगळं असून नानांनी स्वतःचा फोटू कधी काढला नाही. विचारलं की उडवून लावत. "युनिट एकले काय व्हस? चालू शे." वीज केंद्रातल्या माणसाची बोलायची तऱ्हा, म्हणून मी सोडून देत असे. कॉलनीत वीज गेली की सगळे अजून नानांनाच फोन करतात, जणू ते दीपनगरचा खटका घरी घेऊन बसलेत. तशातलंच हे, असं मला वाटायचं.

नानांच्या घरात मात्र वरचा फोटो एकच. दाराच्या समोर, हार घातलेला. त्यांच्या बायकोचा, द्वारकाअक्कांचा. तो मीच काढलेला, आणि माझ्या हातून निघालेल्या फोटोंपैकी तो सगळ्यात वाईट. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो म्हणून दोघं स्टुडिओत आले होते. अक्का फोटोला फार बुजायच्या. कॅमेरा दिसला की पदर पुढे, मान खाली. लग्नाच्या अल्बमात त्या फक्त पाठमोऱ्या. त्या दिवशी मी बारा फोटो काढले आणि बाराही वेळा फ्लॅश पडायच्या आधी अक्कांचे डोळे मिटायला लागलेले. शेवटी ज्यात अर्धे उघडे होते तो कागदाला लावला. अक्का गेल्यावर नानांनी त्यातलाच अर्धा कापून मोठा करून घेतला. आल्यागेल्याला वाटतं, बाई जपाला बसल्यात.

आता खरी गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे एका दवाखान्यात काळजाचं नवं सीटी मशीन आलं. उद्घाटनाचे फोटो काढायचं काम मला होतं, म्हणून मी नानांनाही नेलं. मशीनला झेंडूचा हार, टेबलाला लिंबू-मिरची, आणि पुढारी उशिरा. पुढाऱ्यांनी फीत कापली, मशीनच्या टेबलावर हारासकट आडवे झाले आणि मला म्हणाले, "असाच घ्या." नाना माझ्या कानाशी पुटपुटले, "मशीनने घेतला तर बरं होईल. आत काय शे ते एकदाचं कळेल."

मग धुळ्याहून आलेल्या एका तरुण डॉक्टर मॅडमचं भाषण झालं. त्या दर गुरुवारी जळगावला येतात. पडद्यावर चित्रं दाखवत त्या म्हणाल्या, आजवर आपण नळी किती बुजली एवढंच बघत होतो. आता नव्या मशीनवर आतला थर कडक आहे की मऊ हे दिसतं, आणि घात होतो तो बऱ्याचदा मऊ थर फुटून. नाना उभे राहिले. सभागृहात चहाचे कप वाजत होते, ते थांबले.

"मॅडम, नळी बुजून फुटत नाही. आतून पातळ होऊन फुटते. बॉयलरवर आमचा साधा फिटरही हे सांगायचा. तुमच्याकडे हे आत्ता आलं का?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हो काका. आमच्याकडे जरा उशिरा आलं."

नाना खूश. लगेच दुसरा प्रश्न. "संगणक फोटू वाचतो म्हणता. रिपोर्टखाली सही कोणाची?" मॅडम म्हणाल्या, "माझीच." "मग हरकत नाही," असं म्हणून नाना बसले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सहीशिवाय मोक्षही मान्य नसतो.

पुढे मॅडम इकोबद्दल बोलल्या. पूर्वी इकोत काळीज किती टक्के पंप करतं तेवढं बघून नॉर्मल लिहून द्यायचे. आता संगणक त्याच हलत्या चित्रात स्नायूचा ठिपका न ठिपका पकडून त्याच्यामागे जातो. पंप कमी व्हायच्या आधीच कुठली बाजू थकलीय ते कधी कधी कळतं. मी नानांकडे पाहिलं. पेन हातात होतं, वही उघडी होती, पण नाना लिहीत नव्हते. ते तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा आवाज बारीक होता.

"जुन्या इकोवर चालतं का हे? काही वर्षांपूर्वीच्या?"

"हलत्या चित्राची फाईल असेल तर प्रयत्न करता येतो," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या कागदावरून नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला नाना आले ते साड्यांच्या दुकानाची जुनी पिशवी घेऊन. पिशवीत कागद, कागदात फडकं, फडक्यात एक सीडी. सीडीवर मार्करने नानांचं टपोरं अक्षर: युनिट २.

मला मनातून हसू आलं. मला वाटलं, नानांनी वीज केंद्रातली बॉयलरच्या नळ्यांची तपासणी घरी आणून ठेवलीय, आणि आता काळजाच्या मॅडमकडून ती तपासून घेणार. नाना तेवढे करतील याबद्दल मला शंका नव्हती. मी विचारलं, "कुठलं युनिट दोन, दीपनगरचं?" नाना सीडी उजेडात धरून बघत राहिले. तिच्या चंदेरी मुलाम्याला कडेने पोपडे सुटायला लागले होते. "लवकर उघडली पाहिजे," एवढंच म्हणाले.

पण सीडी उघडणार कशात? तेच तर दुखणं. मोबाइलवाल्याने सीडी फिरवून पाहिली आणि विचारलं, "काका, याला चार्जर कुठून लावायचा?" गुरुवारपर्यंत थांबवेना म्हणून नाना एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला मॅडमच्या दवाखान्यात गेले. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की सीडी घालायला आमच्याकडे खाचच नाही, आता सगळं क्लाउडवर असतं. नानांनी विचारलं, "बठ्ठं वर जास का?" ती म्हणाली, "हो काका, सगळं वर." परत आल्यावर नानांनी मला हे सांगितलं आणि मी पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत, हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. मी लक्ष दिलं नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. सीडी चालेल असा कॉम्प्युटर माझ्याच स्टुडिओच्या माळ्यावर होता. लग्नाच्या सीड्या मी त्याच्यावरच करायचो. नानांना ते माहीत होतं. ते रोज स्टुलावर बसून एकदा माळ्याकडे बघत आणि विचारत, "तुझं ते जुनं यंत्र चालतं का रे?" मी म्हणायचो, "पाहू नाना." लग्नसराई संपली की पाहू. पाऊस उघडला की पाहू. नाना त्या दिवशी दुसऱ्यांदा म्हणत नसत. जगाला छातीचे फोटू काढायला लावणारा माणूस स्वतःच्या कामासाठी इतका भिडस्त असेल असं कोणाला वाटेल? बॉयलरच्या नळ्या दोन महिने थांबल्या तर काय बिघडतं, हा माझा हिशेब. असं करता करता वर्ष जवळजवळ संपलं.

मे महिन्यात मी स्टुडिओला रंग द्यायचं काढलं आणि माळा रिकामा करायला घेतला. भंगारवाल्याला संध्याकाळी पाचला बोलावलं. अकराला नाना आले. फुटपाथवर मोडका पंखा, छत्र्या आणि तो कॉम्प्युटर एका रांगेत मांडलेले. नाना कॉम्प्युटरजवळ थांबले.

"हे बी देस का?"

"नाना, बंद आहे तो. चार वर्षं कोणी हात लावला नाही."

नानांनी फक्त मान डोलावली आणि घरी निघून गेले. स्टुलावर बसलेच नाहीत. वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. जळगावच्या उन्हात, डोक्याला रुमालसुद्धा न बांधता नाना चालले होते. मी शेजारच्या रशीदभाईंना हाक मारली. रशीदभाईंचं घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांची बोटं आपोआप वळवळतात. ते कॉम्प्युटर पाहून म्हणाले, "इसको भंगार में दे रहे थे? शरम करो भाई." तासाभरात त्यांनी आतली धूळ फुंकली, एक वायर डागली आणि पडदा उजळला. सीडीचा ट्रे काही बाहेर येईना. तो त्यांनी छिद्रात सुई घालून ओढला. मी नानांना फोन केला.

नाना आले ते साडीच्या दुकानाची पिशवी छातीशी धरून. शटर अर्धं खाली ओढलं, कारण ऊन थेट पडद्यावर येत होतं. सीडी आत गेली, घरघरली, थांबली, परत घरघरली. आणि वीज गेली.

रशीदभाई सवयीने म्हणाले, "नाना, आपके दीपनगर ने धोखा दिया." अंधारात नानांचा श्वास ऐकू येत होता. रशीदभाईंनी मला हळूच सांगितलं की सीडीचा मुलामा सुटतोय, एकदा फिरली, दुसऱ्यांदा वाचली जाईल की नाही सांगता येत नाही. हळू सांगितलं तरी एवढ्याशा दुकानात नानांनी ऐकलंच. वीस मिनिटं आम्ही तिघं घामाने थबथबून बसलो होतो. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात माझं "पाहू नाना" किती वेळा ऐकलं, ते मलाच माहीत.

वीज आली. रशीदभाईंनी बटण दाबलं. सीडी परत घरघरली. खूप वेळ घरघरली. मग पडदा काळा झाला आणि त्याच्या मधोमध एक करडी फुगीर आकृती हलायला लागली. उघडायची, मिटायची. आत दोन बारीक झडपा टाळी वाजवल्यासारख्या एकमेकींना लागत होत्या. तीन ठोके झाले की चित्र पहिल्यापासून सुरू व्हायचं. मी बॉयलर बघायला वाकलो होतो. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत नाव होतं: द्वारकाबाई निंबा.

मी ते नाव दोनदा वाचलं. मग कळलं. युनिट एक नाना, युनिट दोन अक्का. बेचाळीस वर्षांच्या संसारात घरात हीच नावं असावीत.

"चढताना धाप लागायची तिला," नाना पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. बोलता बोलता जळगावची मराठी गळून पडली आणि एरंडोलची बोली आली. "मी तिले सांगं, आतला फोटू काढाना शे. फोटू म्हटलं ना मी. तिले वाटनं, फोटूच. डोकाले तेल, कपाळले कुंकू, नवी साडी नेसीसन तयार. दवाखानामा बाई म्हने, साडी राहू द्या, जेली लावायची शे. मी हसनू तिले. बठ्ठा रस्ता हसनू."

रशीदभाईंनी पंख्याचा वेग एकने कमी केला, म्हणजे आवाज नको.

"बाहेर उनी," नाना म्हणाले, "आणि इचारं, फोटू चांगला उना का मना? मी काय सांगं? म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट उना, नॉर्मल. मग मी कपाटमा ठी दिना." त्यांनी चष्मा वर ढकलला. "पुढच्या वर्षी गयी. तिना सवाल तसाच राही गया." माझा फोटो चांगला आला का, एवढाच तो सवाल होता.

मी कामाचं बोललो. फाईल पेन ड्राइव्हवर घेतो, मॅडमना पाठवू, तो नवा संगणक ठिपके मोजेल, तेव्हाच काही दिसत होतं का ते सांगेल. वर्षभर नाना त्यासाठीच धडपडत होते. नानांनी मान हलवली. "ते इचारसू. गुरुवारले इचारसू."

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. आता मी पेशाने फोटोग्राफर. ज्या बाईचे मला बारा फोटोंत उघडे डोळे मिळाले नाहीत, ती समोर होती, आणि या फोटोत डोळे मिटायची सोयच नव्हती. तीन ठोके, परत तीन ठोके. पदर नाही, मान खाली नाही. नाना पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या चष्म्यातही ती हालचाल दिसायला लागली.

"चांगला उना वं," नाना म्हणाले. मग परत म्हणाले, "भलता चांगला उना."

पाच वाजता भंगारवाला आला तेव्हा शटर अर्धंच होतं. मी बाहेर जाऊन त्याला पंखा आणि छत्र्या दिल्या, आणि आत न येता तिथेच फुटपाथवर बसून राहिलो.